हेतलचा सामना कुठं दिसणार?

भात कापून खळ्यावर आलं, पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटू लागलं, की डहाणूच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी एकदमच टांगल्या जातात. वलांडीवर बोंबील आणि फोनवर जाहिराती. बांबूच्या त्या उंच मांडवांवर, जबड्यात जबडा अडकवून, बोंबलांच्या जोड्या वाऱ्यावर झुलायला लागतात. तिकडे फोनच्या पडद्यावर कुणी धिप्पाड खेळाडू मांडीवर थाप मारून सांगायला लागतो, यंदाचा सगळा हंगाम फक्त आमच्याकडे. हा 'फक्त' दिसला की माझं डोकं फिरतं. गेल्या वर्षी हाच माणूस आणि हीच मांडी दुसऱ्याच ॲपवर 'फक्त' होती.

परवा चारोटीला उतरले होते. हायवेच्या कडेच्या टपरीत टपरीवाला आणि दोन ट्रकवाले एका फोनभोवती डोकी जोडून बसलेले.

"निळ्यावर लाव ना, भाई."

"निळ्यावर आपल्याकडची मॅच. बाहेरदेशातली जांभळ्यावर."

"काल तर निळ्यावर होती!"

"काल वीस ओव्हरची होती. आज पन्नासची."

"म्हणजे ओव्हर वाढल्या की ॲप बदलतं?"

"मालक बदलतो, बाबा. तू चहा पी."

कोपऱ्यात भजी खात बसलेला एक म्हातारा म्हणाला, "रेडिओ लावा की." सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं बैलगाडीनं अहमदाबादला जायचं काढलं होतं. पण चहा संपेपर्यंत त्या फोनवर कुणाला एकही चेंडू दिसला नाही. दिसली ती एका गाडीची जाहिरात, एका पानमसाल्याची, आणि 'आपला प्लॅन अपुरा आहे' ही ओळ.

आमच्या भागात या ॲपांना कुणी नावानं ओळखत नाही, रंगानं ओळखतात. नावं लक्षात ठेवून उपयोगही नाही. दोन ॲपचं लग्न होतं, नावाला नाव जोडलं जातं, वर्षभरानं तिसराच कुणी घर विकत घेतो आणि पाटी बदलतो. बघणारा मात्र तोच. त्याला दर हंगामाला नव्यानं विचारायचं, की बाबा, आमचा खेळ यंदा कुणाच्या ताब्यात आहे?

मी तलासरीची. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील शेतमजुरांच्या चळवळीत होते. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बेरजा शिकले आणि पुढच्या बाजूवर वाचायला. पत्रकाची एक गंमत असते. ते एकाला दिलं तरी दहा जणांचं होतं. ज्याला वाचता येतं तो मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि छापणाऱ्याला त्याचा आनंदच होतो. "एका कागदावर एकच डोळा" असा नियम कुठल्याही पत्रकावर मी छापलेला पाहिला नाही.

वडील पत्रकं वाटायला हमखास जायचे ते कबड्डीच्या सामन्यांना. भात निघाल्यावर रिकाम्या शेतात धसकटं काढून, पाणी मारून, चुन्याच्या रेघा ओढायचे. रानशेतचा संघ येणार असला की बांधावर पाय ठेवायला जागा नसे. पोरं आंब्यावर चढून बसत, बायका पाटी उलटी घालून त्यावर बसत. वर्गणी जमायची, पण ज्याला जमेल त्याची, आणि न देणाऱ्याला कुणी उठवत नसे. वादावादी व्हायची, पंचाला शिव्या मिळायच्या, एकदा तर चालू सामन्यात म्हैस मध्यरेषा ओलांडून गेली आणि तिला बाद द्यावं की नाही यावर पुढचा आठवडा गेला. त्या शेताला कुंपण नव्हतं. खेळाला कुंपण घालता येतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

ते मला कळलं डहाणूला आल्यावर, हेतलच्या हंगामात.

मी इथं शिकवणीच्या नोकरीसाठी आले आणि कोळीवाड्यात हंसाकाकीकडे खोली घेतली. काकी मासळी विकते, सुकवते. तिचा नवरा, रमणकाका, तांडेल. होडी त्यांची, शब्द त्यांचा, आणि खोल पाण्यात गेले की पाच-सहा दिवस दिसत नाहीत. हेतल त्यांची एकुलती एक. बोर्डीच्या शाळेत कबड्डीला लागली ती थेट मोठ्या संघात जाऊन बसली. त्या वर्षी मुलींची एक मोठी स्पर्धा पहिल्यांदाच थेट दाखवणार होते, आणि हेतलचा संघ तीत होता.

काकीनं पोरीला खेळताना कधीच बघितलं नव्हतं. एकदाही नाही. सामने नेमके बोंबलाच्या दिवसांत, आणि टांगलेला बोंबील सोडून कुठं जाता येत नाही. वारा पडला, ढग आले, कावळे उतरले, की माल गेला. दोन गावांपलीकडे बोर्डीला सामना असायचा आणि काकी इथं हातात काठी घेऊन वलांडीखाली. हेतल कप घेऊन यायची, काकी तो फळीवर ठेवायची. फळी भरली तरी काकीला पोरीचा खेळ ठाऊक नव्हता.

मी म्हटलं, "काकी, थेट नाही जमलं तर हायलाइट बघू. रात्री टाकतात."

"ते काय?"

"म्हणजे सामन्यातलं मुख्य-मुख्य. काढून, जोडून."

काकी हातातला बोंबील माझ्यासमोर धरून म्हणाली, "ए तलासरी, सुकवलेलं मी रोज विकते. मला माझी पोर ताजी दाखव."

शिवाय हेतल कोपऱ्यात खेळते. चढाई करणारीचं नाव होतं, तिच्याच उड्या जोडून दाखवतात. कोपऱ्यातली मुलगी वाट बघत बसते, सगळ्यांच्या आधी ओळखते, आणि घोटा धरते. ते वाट बघणं कुठल्याही हायलाइटमध्ये येत नाही.

मग आळीतल्या बायकांनी ठरवलं, सगळ्यांनी मिळून ॲप घ्यायचं. जिला जमेल तिनं दिलं. आधी घेतलं निळं, कारण निळ्याच्या जाहिरातीत कबड्डी होती. पैसे गेल्यावर कळलं की निळ्यावर पुरुषांची कबड्डी. बायकांची जांभळ्यावर.

"का गो?" शेजारच्या कांतामावशीनं विचारलं. "बायांना काय पाय तीन असतात?"

मी पैसे परत मागायला त्यांच्या मदतकेंद्रात शिरले. तिथं एक हसरा चेहरा. 'नमस्कार! खालील पर्यायांतून निवडा.' पर्याय होते: पासवर्ड विसरलो, आवाज येत नाही, प्लॅन वाढवायचा आहे. 'तुम्ही फसवलंत' असा पर्याय नव्हता. मी तसं लिहिलं. उत्तर आलं, 'आपल्याशी बोलून आनंद झाला.' मोर्च्यांत वाढलेली मुलगी मी. तहसील कचेरीला निदान फाटक असतं; ते बंद असेल तर त्यावर थापा मारता येतात, साहेब मागच्या दारानं पळाला तर पळताना दिसतो तरी. इथं थाप मारायची कशावर? स्वतःच्याच फोनवर?

शेवटी जांभळं घेतलं. ॲपनं नंबर मागितला. "तांडेलाचा टाक," सगळ्या एकदम म्हणाल्या. यात विचार करण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. इथं जे चारचौघांचं असतं ते तांडेलाच्या नावावर असतं. जाळं चार घरांचं असलं, डिझेल सगळ्यांनी मिळून भरलं, देवीच्या पालखीचा मान आळीचा असला, तरी नाव तांडेलाचं. त्यात मालकी नसते, जबाबदारी असते. मलाही ते बरोबर वाटलं. आजही वाटतं. रमणकाका तेव्हा घरी होते. त्यांच्याच फोनवर ॲप उघडलं, आलेला कोड टाकला, चाललं. काकांनी एक जाहिरात पूर्ण बघितली, "बरं आहे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी फोन खिशात टाकून समुद्रात गेले.

सामना दुपार उतरताना होता. बायकांनी त्या दिवशी बोंबील भराभर टांगून घेतले. कांतामावशीनं तिचा टीव्ही अंगणात आणवला, वलांडीच्या सावलीत फळकुटावर ठेवला, पडद्यावर ऊन नको म्हणून वरून साडी बांधली. काकीनं लग्नाला नेसतात तसलं लुगडं नेसलेलं. कुणी हसलं नाही. मी टीव्हीवर ॲप उघडलं.

'नवीन उपकरण दिसत आहे. आपल्या क्रमांकावर पाठवलेला कोड टाका.'

"कुणाच्या क्रमांकावर?" कांतामावशीनं विचारलं.

"काकांच्या."

सगळ्या बायकांनी एकदम पश्चिमेकडे बघितलं. तिकडे नुसतं पाणी होतं.

घरी चालणारं ॲप म्हणजे एका घरात एक माणूस, एका माणसाचा एक फोन, आणि तो फोन कायम त्याच्या उशाशी. असं कुटुंब ज्यांनी कल्पून ठेवलंय त्यांना एकदा आमच्या वलांडीखाली आणून बसवावं असं मला तेव्हा वाटलं. बोंबलाच्या वासात, दिवसभर.

कांतामावशीची होडी इंजिनच्या कामासाठी वर ओढून अंगणाला लागूनच ठेवलेली होती. तिच्यात वायरलेस होता, बॅटरी होती. मावशी पदर खोचून चढली, मागोमाग काकी. मी खाली टीव्हीपाशी.

"रमणभाय, ओ रमणभाय! ऐकता का?"

खरखर. मग लांबून, "बोल कांता."

काकीनं माइक ओढून घेतला. "ओ हेतलचे पप्पा, फोन बघा! नंबर आला का हेतलचा?"

"हेतलला काय झालं?"

"काय नाय झालं! मॅच आहे तिची! तुमच्या फोनात नंबर येणार, तो सांगा!"

"इथं दांडी नाय गो. चिमणी दिसल्याशिवाय दांडी कुठची?"

वीजकेंद्राची उंच चिमणी. समुद्रातून येताना तिचं टोक पाण्यावर दिसायला लागलं की फोनला रेंज येते, हे इथल्या सगळ्या होड्यांना पाठ आहे. काका चिमणीच्या बरेच पलीकडे होते आणि जाळी पाण्यात होती.

मग काका म्हणाले, "जाळी उचलतो."

"आत्ता? नि मासा?"

"मासा काय, उद्यापण असतो."

सामना सुरू झाला. आमच्या टीव्हीवर कोडाची चौकट. माझ्या फोनवर मी नुसते आकडे लावले, ते फुकट असतात. आकडे बघायला पैसे लागत नाहीत, माणसं बघायला लागतात. मी मोठ्यानं वाचत होते, "चढाई, रिकामी. चढाई, एक गुण. चढाई, रिकामी."

"हेतल कुठंय यात?" काकी होडीतून ओरडली.

"यात नाव नाही येत, काकी."

"मग कशाला वाचते?"

मी पुन्हा कोड मागवला. मुदत संपली. पुन्हा मागवला. पुन्हा संपली. शेवटी टीव्हीनं मलाच दम दिला, 'आपण मर्यादा ओलांडली आहे. काही वेळानं प्रयत्न करा.' मर्यादा मी ओलांडली! आळीच्या वर्गणीतून दोन-दोन ॲपचे पैसे घेऊन एका बाईला तिची मुलगी न दाखवणारे मर्यादेत होते.

मध्यंतर झालं. पुन्हा खेळ सुरू झाला. तेव्हा होडीतून आवाज आला, "चिमणी दिसली!" आणि काका कोड वाचायला लागले. मी मागवलेले सगळे कोड त्यांच्या फोनवर एकदम कोसळले होते. "पहिला घे. दुसरा घे. अगो खंडीभर आलेत!" वायरलेसवर तो आकड्यांचा पाऊस सगळ्या होड्यांना ऐकू जात होता. मध्येच कुणी लांबून विचारलं, "रमण, लॉटरी लागली का रे?" मी एकेक टाकत गेले. एकही चालला नाही. सगळे शिळे.

मी रिमोट वाळूत फेकला. कांतामावशीनं जांभळ्या ॲपच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काकी मात्र माइक धरून उभीच होती, कारण काका एकाएकी गप्प झाले होते.

मग ते म्हणाले, "अगो थांब. ही तर… हेतल."

"काय हेतल?"

"माझ्या फोनात. दिसते. खेळते."

त्यांच्या फोनला कोड नकोच होता. ॲप तिथंच तर उघडलं होतं. आळीभर बायकांच्या वर्गणीचा सामना समुद्रात एका होडीवर चालू होता.

काकीनं माइक तोंडाजवळ ओढला. मग म्हणाली, "तर बघा. नि बोला. थांबायचं नाय."

वायरलेसचं असं असतं की माइकचं बटण दाबून धरलं तरच आवाज पुढं जातो; बोट सुटलं की खरखर. काका बटण दाबून बोलायला लागले. कबड्डीतलं त्यांना काही कळत नव्हतं. "डाव्या कोपऱ्यात आहे आपली. खेकड्यासारखी बसलीय, दबा धरून. समोरची आली. लांब आहे, ताडासारखी. पाय टाकते, मागे घेते. हेतल हलत नाय. बाकीच्या हलतात, ही नाय. आता पाय टाकला… धरला! घोट्यात धरला गो!"

"डावा का उजवा?" काकी किंचाळली.

"काय?"

"तिचा पाय, डावा का उजवा?"

"उजवा, उजवा!"

काकीनं होडीतच खाली वाकून दोन्ही हातांनी हवेतला उजवा घोटा धरून बघितला. अंगणातल्या बायका होडीभोवती जमल्या. टीव्हीसमोर कुणी उरलं नाही. वायरलेसवर कुठली तरी दुसरी होडी बर्फाचं विचारत होती, तिला तिसऱ्या होडीनं झापलं, "गप रे, रमणची पोर खेळते." काका सांगत होते, आम्ही ऐकत होतो. मध्येच त्यांचं चित्र अडकायचं, मग ते फोनला शिव्या द्यायचे, त्याही आम्हाला यायच्या.

"शेवटची चढाई, म्हणतात. ही आली की संपली. आपल्या एकानं पुढं. समोरची हेतलकडंच येते. येते… हेतल बसलीय… धरली! पाडली! सगळ्या तिच्या अंगावर—"

आणि खरखर.

"पुढं?" काकी म्हणाली. "ओ, पुढं काय? उठली का? बोला की!"

नुसती खरखर. बरीच. मग काकांचा आवाज आला. "जिंकल्या. उठली ती. बरी आहे."

अर्ध्या तासानं टीव्हीनं माझी मर्यादा माफ केली, नवा कोड दिला, काकांनी सांगितला, आणि चित्र एकदाचं उघडलं. कोट घातलेले दोन पुरुष मुलींच्या कबड्डीचं भवितव्य या विषयावर बोलत होते. काकीनं क्षणभर बघितलं आणि बोंबलांवर ताडपत्री घालायला गेली.

दिवेलागणीला हेतलचा फोन आला. काकीनं तो स्पीकरवर ठेवला, हातांना मासळीचा वास होता म्हणून.

"आई, बघितलंस?"

"बघितलं गो. उजवा घोटा धरला ना तिचा?"

"अगं हो! आणि शेवटी मी कॅमेऱ्यात बघून हात केला. तुला केला. दिसला?"

काकीनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"दिसला."

"खरं?"

"खरं गो. दिसला."

ही हकिकत मी सांगते तेव्हा लोकांना ती फार आवडते. डोळे पुसतात, "बघा, माणसं कशी वाट काढतात," म्हणतात. मला संताप येतो. माणसांनी वाट का काढायची? वाट होती. रिकामं शेत होतं, चुन्याची रेघ होती, उलटी पाटी होती. ती कुणी तरी बंद केली, तिला फाटक बसवलं, फाटकाला दर हंगामाला नवा रंग दिला, आणि आम्ही वर चढून, वाकून, वायरलेसवर ओरडून पलीकडचं ऐकलं, तर आमच्या हुशारीचं कौतुक! काकीनं त्या दिवशी पोरीला बघितलं नाही. एवढंच खरं आहे. ती आयुष्यभर मासळीच्या ताजेपणाबद्दल कुणाशी खोटं बोलली नाही, आणि पोरीशी मात्र तिला बोलावं लागलं. यंदा हेतलची स्पर्धा तिसऱ्याच ॲपवर गेली आहे. ते कुठल्या रंगाचं आहे ते अजून आळीत कुणाला ठाऊक नाही.

रमणकाका दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर आले. अर्ध्यात उचललेली जाळी, टोपलीच्या तळाशी चार पापलेटं. काकी किनाऱ्यावर उभीच होती. मासळीकडे तिनं बघितलंही नाही.

"शेवटी हात केला होता तिनं?"

"केला होता."

"मग मला का नाय सांगितलं? मी पोरीला दिसला म्हणून सांगितलं. खोटं!"

काकांनी टोपली वाळूत ठेवली. "एका हातात फोन, एका हातात माइक. पोर हात करते तर मी काय करू?"

"काय केलं?"

"माइक सोडला," काका म्हणाले, "नि मी पण केला."